खैऱ्याचा पाय आणि आमचे किडे

आमच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी चालत येतात. काही चार पायांवर, काही तीन. संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी आणि नंदू चहा घेतो आणि दिवसभरात काय झालं ते एकमेकांना सांगत बसतो, जसं काही आम्ही दोघंही तिथे नव्हतोच! मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ गं. लिहायला बसले की दारात कोणाची तरी शेळी उभी. म्हणून यंदाच्या पावसाळ्यातले तेवढे सांगते. यंदा आम्ही जखमांमध्ये किडे घातले. हो, घातले. काढले नाहीत! आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम होतं भिकूतात्यांच्या खैऱ्या बैलाचा पाय वाचवायचं. त्याच्यापर्यंत येतेच, पण आधी किडे कुठून आले ते ऐका.

मी गुरांची डॉक्टर, रत्नागिरीत माझा दवाखाना आहे. निम्मं आयुष्य जखमेतले किडे काढण्यात गेलं. आपल्याकडे पावसाळ्यात गुराला साधा ओरखडा आला तरी माशी बसते, अंडी घालते आणि किडे पडतात. ते जिवंत मांस खातात, म्हणून ते काढायचेच. पण दुसरी एक हिरवी, चकचकीत माशी आहे. तिच्या अळ्यांना फक्त सडलेलं, मेलेलं मांस लागतं. तिची अंडी औषधाने धुऊन निर्जंतुक करायची, त्यातून निघालेल्या स्वच्छ अळ्या जखमेत सोडायच्या आणि वर जाळी बांधायची. दोन-तीन दिवसांत जखम लख्ख होते आणि पोट भरलं की अळ्या आपणहून बाहेर पडायला बघतात. मुंबईला एका ट्रेनिंगमध्ये हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि येताना गाडीत शेजारच्या बाईला सगळं सांगितलं. ती बिचारी पुढच्या स्टेशनला जागा बदलून बसली.

* * *

माश्यांचं मूळ घराणं मिरकरवाड्याचं. बंदरावर बांगड्याची डोकी ठेवून मी माश्या पकडल्या, भिंगाखाली बघून हव्या त्या निवडल्या आणि घराच्या मागच्या पडवीत जुन्या मच्छरदाणीचा पिंजरा करून त्यात सोडल्या. आत साखरेचं पाणी आणि वाटीत कलेजीचा तुकडा.

आमच्या सासूबाईंचा जन्म माश्या हाकलण्यात गेलेला. ताटावर ताट झाकून ठेवणाऱ्या बाई त्या. आता त्यांच्याच पडवीत सून माश्यांना खाऊ-पिऊ घालतेय! आल्यागेल्याला सांगायच्या, "सून डॉक्टर आहे हो आमची, पण माश्या पाळते." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एकदा मी दवाखान्यात असताना पिंजऱ्याची चेन उघडी राहिली आणि माश्या घरभर झाल्या. सासूबाईंनी पटापट दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मला फोन केला. घामाघूम होऊन, पंखा बंद करून बसल्या होत्या, माशी पात्यात सापडायला नको म्हणून! मी धावत घरी पोचले. बाई स्वयंपाकघरात, हातात फडका, पण तो हात घट्ट मांडीवर दाबून धरलेला.

म्हणाल्या, "एक मारली मी. पण ती काळी होती, आपल्यातली नव्हती."

* * *

नंदू माझा मदतनीस. जखमेतले किडे काढण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. टर्पेंटाइनचा बोळा, चिमटा, पाच मिनिटांत जखम साफ. म्हणजे या माणसाला मी अळ्या घालायला शिकवत होते!

पहिला पेशंट आरे-वारेच्या बाजूच्या एका आंब्याच्या बागेतला राखणीचा कुत्रा. डुकरासाठी लावलेल्या फासकीत पाय अडकून मांस काळं पडलेलं. मी आणि नंदूने मिळून अळ्या सोडल्या. जाळी त्यानेच बांधली, हौसेने बांधली. मग मला पावसला एका म्हशीच्या बाळंतपणाला जावं लागलं. परत येते तो नंदू दारातच हसतमुखाने उभा.

"मॅडम, तुम्ही गेलात आणि याच्या पायात किडे दिसले हो. पण काळजी नको, सगळे काढले."

महिनाभर जपून वाढवलेली पिढी बशीतल्या टर्पेंटाइनमध्ये तरंगत होती! मी नुसती त्या बशीकडे बघत राहिले. त्याने पण बघितलं. मग त्याचा चेहरा असा काही उतरला की कुत्रासुद्धा त्याचा हात चाटायला लागला. म्हणाला, एक अळी जाळीच्या कडेने वळवळताना दिसली आणि पुढचं सगळं हातांनी केलं, डोक्याला नंतर कळलं. मी भयंकर भडकले होते, पण अशा माणसावर ओरडणार तरी काय? दुसऱ्या खेपेला अळ्या घातल्यावर त्याने स्वतःच टर्पेंटाइनची बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. कुत्रा आता त्याच पायाने दवाखान्याच्या दारावर धक्के मारतो.

* * *

लिमयेकाकूंच्या मांजरीला पाठीवर गळू होऊन कातडी सडलेली. काकू शिकलेल्या, शाळेतून रिटायर झालेल्या, त्यांना सगळं लगेच पटलं. मी खूश. अळ्या सोडणार तेवढ्यात त्यांनी हात धरला. म्हणाल्या, श्रावण चालू आहे, आमच्याकडे श्रावणात मांजरालासुद्धा मासे नाहीत, दूधभात. आणि या अळ्या तिच्या पाठीवर बसून मांसाहार करणार, तोही आमच्या घरात?

मी खूप समजावलं. औषध आहे, उपचार आहे, मेलेली कातडी आहे. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मांजर माझ्या हातात दिली.

"मग तुमच्याकडेच राहू दे. त्यांचं जेवण आटोपलं की फोन करा, न्यायला येते."

* * *

आता भिकूतात्या. आतल्या बाजूच्या एका वाडीत राहतात, सत्तरीला आलेले. पंचक्रोशीत त्यांचं नाव एकाच गोष्टीसाठी, तात्या किडे पाडतात. गुराला हात लावायचा नाही, औषध नाही, गुराजवळ जायचंसुद्धा नाही. घरी बसून मंत्र म्हणायचा आणि तिकडे गुराच्या जखमेतले किडे खाली पडायचे. असं लोक सांगतात. मी काही पाहिलेलं नव्हतं. मला एवढंच माहीत की त्यांच्यामुळे माझे अर्धे पेशंट माझ्यापर्यंत येत नाहीत. आमची कधी गाठ पडली नव्हती, पण मी त्यांच्यावर मनातून चिडून असायची हे खरं आहे.

तर एका दुपारी हे गृहस्थ दवाखान्यात हजर. सगळे जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, बैल बघायला चला, पण गाडी वाडीत आणू नका, खाली पऱ्ह्याजवळ, ओढ्याच्या कडेला लावा.

खैऱ्या म्हणजे तांबूस रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा देखणा बैल. मागच्या पायाला, खुराच्या वर, कुंपणाची काटेरी तार लागलेली. सुया झाल्या, पावडरी झाल्या, मांस काळं पडून वास मारत होतं. पाय टेकतच नव्हता. आई लहानपणीच गेलेली, तात्यांनी त्याला पेज पाजून वाढवलेला. आणि गणपतीला मुंबईहून मुलगा येणार होता. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं की तीन पायांचा बैल कशाला पोसता, मी आलो की व्यापाऱ्याला देऊन टाकू, पुढच्या साली भाड्याने पॉवर टिलर आणू. तात्या हे सांगत होते आणि एकीकडे बैलाच्या मानेवरून हात फिरवत होते.

मी जरा खवचटपणेच विचारलं, तुमचा मंत्र नाही का चालत?

"मंत्र किडे पाडायचा हाय, बाई. किडे असते तर मीच पाडले असते. हितं किडेच नायत."

मग मी त्यांना सांगितलं, मी काय करणार आहे ते. तात्या माझ्याकडे बघतच राहिले. गोठ्याच्या दारात त्यांची बायको, काकी, उभी होती. ती आधी तोंडाला पदर लावून हसली, मग खांबाला धरून हसली, मग खालीच बसली. जन्मभर किडे पाडणाऱ्याच्या गोठ्यात डॉक्टरीण किडे आणून सोडणार! तात्यांना मात्र हसू येत नव्हतं. गावाला कळलं तर काय? स्वतःच्या बैलाच्या पायात किडे म्हटल्यावर भिकूतात्याच्या मंत्राला कोण विचारणार? मला वाटलं, गेलं हे प्रकरण. मग त्यांनी खैऱ्याचा दुखरा पाय अलगद हातात घेतला आणि म्हणाले, घाला, पण कोणाला कळू देऊ नका.

* * *

दोन दिवसांनी आम्ही अळ्या घेऊन गेलो. नंदूने बाटली रेनकोटच्या आत छातीशी धरलेली. वाटेत दोघा-तिघांनी विचारलं, काय नेताय? नंदू म्हणाला, इंजेक्शन, थंड ठेवावं लागतं. आणि बाटली छातीशी धरून चालत राहिला.

तांदळाच्या कणीएवढ्या त्या अळ्या मी जपून जखमेत सोडल्या. कुत्र्या-मांजरांवर जमलं होतं, पण बैल माझा पहिलाच. वर जाळी, कडेने चिकटपट्टी, आणि तात्यांना बजावून सांगितलं की ओलं होऊ देऊ नका आणि जाळीवर काही बांधू नका, अळ्यांना हवा लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम डोकावले तर तात्यांनी पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली! का, तर शेजारी येतात, त्यांना दिसायला नको. मी किंचाळलेच. पिशवी फाडून काढली, आत कान लावला. हो, कान! काही ऐकू येत नाही हे मलाही माहीत आहे. जाळीतून बघितलं तर वळवळ चालू होती, चांगली जोरात. माझा जीव भांड्यात पडला. पण झाकायचं तर होतंच. मग काकीने ट्रंकेतून तात्यांचं लग्नातलं उपरणं काढलं, जुनं, विरविरीत, हवा जाईल असं. ते सैलसं गुंडाळलं. तात्या काकीकडे बघत होते आणि काकी गाठ मारत होती. दोघांनाही बोलायचं होतं, पण मी मध्ये उभी.

संध्याकाळी वाडीत गुरं परतली तेव्हा तात्यांच्या शेजाऱ्याच्या म्हशीच्या पायाला उपरणं होतं. त्याच्या पलीकडच्या घरातल्या गाईच्या पण. तात्यांनी खैऱ्याला बांधलंय म्हणजे काहीतरी असणारच!

* * *

त्याच संध्याकाळी, मी दवाखान्यातून घरी पोचते न पोचते तोच तात्यांचा फोन. आवाज घाबरलेला. मला वाटलं बैल गेला.

तसं नव्हतं. लांज्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा त्यांना फोन आला होता. गाईच्या खांद्यात किडे पडलेत, तात्या, मंत्र म्हणा. आता पंचाईत अशी की तात्यांनी मंत्र म्हटला तर लांज्याच्या गाईचे किडे पडतील हे ठीक, पण खैऱ्याच्या पायात बसलेत ते? ते तर मंत्र म्हणणाऱ्याच्या गोठ्यातच बसलेत, ते आधी पडतील. काम अर्धवट राहील. पाय राहील तसाच. तात्यांनी मंत्रासाठी कधी कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्या गाईचा पण जीवच आहे. म्हणू की नको, बाई?

आता बघा. मी पाच वर्षं व्हेटर्नरी कॉलेजात काढली. भिंतीवर डिग्री फ्रेम करून लावलेली आहे. लोकांना सांगत फिरते की मंत्राबिंत्राने काही होत नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर त्या अळ्या होत्या, जेमतेम अर्ध्या वाढलेल्या, काम निम्म्यावर आलेलं, आणि गणपती तोंडावर.

"नको तात्या," मी म्हटलं, "परवापर्यंत थांबा."

फोन ठेवला आणि मग माझं मलाच कळलं मी काय बोलले ते. सासूबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी फक्त भिवया वर केल्या.

गाईला मात्र वाऱ्यावर सोडून चालणार नव्हतं. तशीच दवाखान्यात परत गेले, कपाटाचं कुलूप काढून मी टर्पेंटाइनची बाटली नंदूच्या हातात दिली आणि त्याला मोटरसायकलवर लांज्याला पिटाळलं. नंदूचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! कितीतरी दिवसांनी त्याला किडे काढायला मिळत होते. गाय साफ करून आला. शेतकऱ्याने तात्यांना कळवलं की या खेपेला मंत्र लवकर लागला, वर एक माणूसही आला.

* * *

अळ्या काढायच्या दिवशी आम्ही पोचलो तर गाडी पऱ्ह्याजवळ लावायला जागाच नव्हती. मुंबईकर आले होते. तात्यांच्या अंगणात सामान, माणसं, पोरं. मुलगा आलेला, त्याच्या हातात मोबाइल, व्यापारी दुपारी येणार हे त्याने बापाला आल्या आल्या सांगितलेलं. तात्या गोठ्यात पुढे झाले.

उपरणं सोडलं, जाळी कापली. अळ्या चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या गुबगुबीत झालेल्या! सलाइनची धार मारली तशा पायाखाली अंथरलेल्या गोणपाटावर भराभर पडल्या. आणि खाली काय दिसावं? काळं कुठे नाहीच. गुलाबी, ओलसर, जिवंत मांस! बाळाच्या हिरडीसारखं! मी नंदूच्या पाठीत एक धपका घातला, तो इतका जोरात की त्याच्या हातातली बाटली पडली.

पण मागच्या बाजूला एक खोल खळगा होता आणि तिथे दहाबारा अळ्या डोकं आत खुपसून बसलेल्या. धार मारली, हलेनात. चिमटा नेला तर खैऱ्याने असा पाय झाडला की नंदू थेट शेणात. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा लाथ. आता मांस जिवंत झालं होतं, त्याला कळत होतं, दुखत होतं. तो पाय पोटाशी घेऊन थरथरत उभा राहिला, टेकेचना. आणि हा सगळा गोंधळ ऐकून अंगणातली माणसं गोठ्याच्या दारात जमली. शेजारी पण आले. सगळ्यांना गोणपाट दिसलं. त्यावरची वळवळ दिसली.

कोणीतरी म्हणालं, "तात्या, तुमच्या बैलाच्या पायात किडे?"

मुलगा एकदा बापाकडे, एकदा बैलाच्या वर घेतलेल्या पायाकडे बघत होता. काकीने माझा दंड धरला. मी चिमटा हातात घेऊन तशीच बसलेले. इंजेक्शन म्हणावं? माझं नाव सांगावं? तात्या खरं तर माझ्यामागे लपू शकत होते.

ते दारातल्या माणसांमधून वाट काढत बाहेर गेले. अंगणाच्या कडेला, गोठ्याकडे पाठ करून उभे राहिले. वाकून गवताची काडी खुडली. आणि तिथूनच, वळून न बघता, मला विचारलं, गुराचा रंग काय?

मला आधी कळलंच नाही. काकीने कोपराने ढोसलं, सांगा म्हणाली, किडे पाडायला कोणी आलं की ते असंच विचारतात.

"खैरा," मी म्हटलं.

"मालक कोण?"

मी त्यांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, जसं कागदावर लिहिते तसं.

तात्या काहीतरी पुटपुटत राहिले. ऐकू येत नव्हतं. काडीचा एक एक तुकडा मोडत होते. खैऱ्याची थरथर कमी झाली. मी खळग्याकडे बघत होते, चिमटा बंद होता, नंदूची बाटली लवंडलेली. एक अळी कडेला आली आणि गोणपाटावर पडली. मग दुसरी. मग सगळ्या एकदमच, मूठ उघडावी तशा. खळगा रिकामा, तळाशी गुलाबी.

खैऱ्याने पाय खाली घेतला. टेकला. एकदा उचलला, पुन्हा टेकला, आणि त्यावर भार देऊन गव्हाणीकडे वळला. मुलाने मोबाइल कानाला लावला आणि व्यापाऱ्याला म्हणाला, येऊ नका.

तात्या परत गोठ्यात आले. गोणपाटावरच्या अळ्या निरखून बघितल्या, बैलाचा पाय बघितला, आणि दारात उभ्या असलेल्या सगळ्या वाडीकडे वळून म्हणाले,

"बाईंनी घातलेन. मी पाडले."